१४ वर्षं कमावतेय, पण 'स्वतःच्या नावावर काय?' या रकान्यात काय लिहू?

पाऊलवाट:
परवा एक अर्ज भरत होते. नाव, पत्ता, शिक्षण, नोकरीची वर्षं, सगळं भराभर लिहिलं. तिसऱ्या पानावर रकाना होता : 'अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरील बचत, गुंतवणूक व स्थावर मालमत्ता'. पेन तिथेच थांबलं. आपलं काय काय आहे हे विचारायला नवऱ्याला हाक मारणार, तेवढ्यात लक्षात आलं की रकान्यात 'आपलं' नाही विचारलेलं, 'माझं' विचारलंय. तो रकाना मी तसाच सोडला आणि पान उलटलं. तेव्हापासून मनात तेच घोळतंय.

वय ३८. नोकरीला १४ वर्षं झाली, मध्ये मुलीसाठी घेतलेला अडीच वर्षांचा खंड वेगळा. पगार संयुक्त खात्यात जमा होतो. तिथून पुढे तो कुठे जातो हे मला ढोबळमानानेच माहीत आहे : घराचे हप्ते, कुठलेसे दोन फंड, विमा. घर नवऱ्याच्या नावावर आहे. माणूस अगदी सरळ आहे, आमच्यात पैशावरून कधी शब्दाला शब्द लागलेला नाही. 'बसून एकदा समजून घे' असं तो दोनदा म्हणालाही होता. मीच 'तू बघ ना' म्हणत राहिले.

तर विचारायचंय हे : ३८ व्या वर्षी सुरुवात म्हणजे फार उशीर झाला का? सुरुवात नेमकी कुठून करायची? आणि स्वतःचं वेगळं काही उभं करणं म्हणजे जोडीदारावर अविश्वास दाखवणं होतं का? आपण सगळे निरनिराळ्या देशांत विखुरलेले आहोत, प्रत्येकाच्या योजना आणि करांचे नियम वेगळे, म्हणून योजनांची नावं नकोत. सगळीकडे लागू पडेल असं सांगा.

टिपकागद:
मी २४ ची. पहिला पगार होऊन पाच महिने झालेत. तुमचा रकान्याचा किस्सा वाचून मी माझा रकाना डोळ्यांपुढे आणला. तिथेही भोपळाच आहे. धागा वाचतेय, कृपया लिहीत राहा सगळे.

अंकगणित:
पाऊलवाट, ३८ म्हणजे उशीर नाही. ६० ला निवृत्त होणार असं धरलं तर तुमच्या हातात २२ वर्षं आहेत. ७२ चा नियम लक्षात ठेवा. ७२ ला परताव्याच्या दराने भागलं की पैसा दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ८ टक्के मिळत असतील तर ९ वर्षं. म्हणजे आज बाजूला ठेवलेला १ भाग २२ वर्षांनी जवळपास ५.४ भाग होतो. हाच नियम उलटाही चालतो. महागाई ६ टक्के असेल तर नुसत्या पडून राहिलेल्या पैशाची खरेदीची ताकद १२ वर्षांत निम्मी होते. 'बँकेत आहे म्हणजे सुरक्षित आहे' हे अर्धंच खरं, ते यामुळे.

टिपकागद, तुझ्यासाठी वेगळं गणित देते. एक मैत्रीण २५ व्या वर्षापासून १० वर्षं दरवर्षी १ भाग गुंतवते आणि थांबते. त्यापुढे एक छदामही घालत नाही. दुसरी ३५ ला सुरू करते आणि सलग २५ वर्षं दरवर्षी तेवढाच भाग घालते. दोघींना वर्षाला ८ टक्केच मिळाले असं धरू. ६० व्या वर्षी पहिलीकडे सुमारे ९९ भाग असतात, दुसरीकडे ७३. पहिलीने घातले १०, दुसरीने २५. प्रत्यक्षात परतावा असा सरळ रेषेत येत नाही, एखाद्या वर्षी घसरतोही, पण काळाचं वजन किती असतं ते यावरून दिसावं.

पाऊलवाट, हे वाचून पहिली दहा वर्षं गेली म्हणून हळहळत बसू नका. त्या दुसरीने सुरुवातच केली नसती तर तिच्याकडे ७३ च्या जागी शून्य असतं.

खारूताई:
अंकगणितताई शाळेत शिकवायला असत्या तर भागाकाराच्या तासाला कोणी खिडकीबाहेर बघितलं नसतं!

धूमकेतू:
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली, घरात एकच खातं. 'तुझं-माझं' हा शब्द आमच्याकडे कधी आला नाही आणि मला वाटतं म्हणूनच अडचणीच्या काळात आम्ही टिकलो. माझी नोकरी गेली होती तेव्हा सव्वा वर्ष तिच्या पगारावर घर चाललं. कोणी हिशेब मांडला नाही. आज नवीन जोडपी किराणाचं बिलसुद्धा निम्मं-निम्मं करतात ते बघून वाईट वाटतं. पैसे वेगळे केले की मनंही हळूहळू वेगळी होतात, निदान मला तरी तसं वाटतं.

रानजाई:
धूमकेतूदादा, एक प्रश्न. त्या एका खात्याचा पासवर्ड वहिनींना माहीत आहे का? आणि समजा उद्या तुम्ही आठवडाभर रुग्णालयात असाल, तर विमा कुठला, कागद कुठे, कोणाला फोन करायचा, हे त्यांना माहीत असेल का? मी खोचून विचारत नाहीये, खरंच विचारतेय.

धूमकेतू:
प्रामाणिकपणे सांगतो, खात्री नाही. आज रात्री विचारतो.

जुनी_वही:
माझं वय ६७. मी फार लिहीत नाही, पण रानजाईने जे विचारलं ते माझ्या बाबतीत घडून गेलेलं आहे, म्हणून लिहिते.

माझे पती गेले तेव्हा मी ५९ वर्षांची होते. अचानक गेले, सकाळी होते आणि संध्याकाळी नव्हते. आमच्यातही सगळं एकत्र होतं आणि त्यांनी माझ्यापासून काही म्हणता काही लपवलं नव्हतं. कपाटाच्या वरच्या खणात अकरा पाकिटं होती. प्रत्येकावर त्यांच्या सुबक अक्षरात काहीतरी लिहिलेलं, पण ते फक्त त्यांनाच कळेल असं. 'नूतनीकरण' असं लिहिलेल्या पाकिटात तीन निरनिराळ्या संस्थांचे कागद होते. त्यातलं कुठलं चालू आणि कुठलं संपलेलं, ते मला कळेना. त्यांच्या एकट्याच्या नावावरचं खातं कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत गोठलं. त्यांचा मोबाइल टेबलावर होता. कुठलाही व्यवहार करायला गेलं की पडताळणीचे आकडे त्याच मोबाइलवर यायचे. तो वाजायचा, पडदा उजळायचा, आणि तो उघडायचे चार आकडे घरात कोणालाच माहीत नव्हते. वाढदिवस, लग्नाचा दिवस, सगळं करून बघितलं. शेवटी तो कायमचा बंद झाला.

सात महिने लागले मला सगळं मार्गी लावायला. त्या सात महिन्यांत माझ्या एकटीच्या नावावर एक लहानसं खातं होतं, शिकवण्यांचे पैसे ठेवायला वीस वर्षांपूर्वी उघडलेलं. घर त्यावर चाललं. मुलांकडे मागायची वेळ आली नाही. दुःखाच्या दिवसांत पैसे मागावे लागले नाहीत, याचं मोल किती आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

धूमकेतू, तुमचं एकच खातं असण्याला माझा विरोध नाही. आमचंही तसंच होतं आणि आम्ही सुखी होतो.

पाऊलवाट:
काकू, मोबाइलचं वाचून अंगावर काटा आला. मला नवऱ्याच्या मोबाइलचे आकडे माहीत नाहीत.

निशिगंध:
माझी बाजू कडवट आहे, तरी लिहिते, कारण सगळीच घरं धूमकेतू किंवा काकूंच्या घरासारखी नसतात.

मी पाच वेळा सह्या केल्या. 'इथे सही कर, उशीर होतोय.' नवरा दारात उभा, हातात फाइल, बोट ठेवलेलं नेमकं सहीच्या जागी. बाकीचं पान त्याच्या तळहाताखाली झाकलेलं असायचं. मी वाचायला मागितलं असतं तर त्याला अपमान वाटला असता, म्हणून मागितलं नाही. त्यातल्या दोन सह्या जामीनदार म्हणून होत्या आणि एक सहकर्जदार म्हणून. आम्ही वेगळे झालो, धंदा बुडाला आणि वसुलीचे फोन मला यायला लागले. सहा वर्षं फेडलं मी ते कर्ज. त्या काळात स्वतःसाठी साधं कर्ज मिळेना, कारण पतनोंदणीत, म्हणजे कोणी किती कर्ज घेतलं आणि फेडलं याच्या नोंदीत, माझ्या नावावर थकबाकी दिसत होती.

जामीन राहणं म्हणजे शिफारसपत्र देणं नव्हे. मूळ कर्जदाराने फेडलं नाही तर ते कर्ज तुमचं होतं. सहकर्जदार तर पहिल्या दिवसापासूनच देणेकरी असतो. म्हणून पाऊलवाटच्या 'सुरुवात कुठून' ला माझं उत्तर : गुंतवणुकीच्याही आधी, तुमच्या नावावर देणं काय आहे ते शोधा. बऱ्याच देशांत स्वतःचा पतअहवाल मागवता येतो. तो आधी मागवा. आणि यापुढे न वाचता कुठेही सही नाही, समोर नवरा असो, भाऊ असो की वडील. चांगला माणूस दहा मिनिटं थांबतो.

रानजाई:
निशिगंध, तुला मिठी. लिहिलंस ते बरं केलंस.

आता माझा प्रश्न. इथे सगळ्या 'पगारातून इतके टक्के' म्हणणार. मला पगारच नाही. अकरा वर्षं घर, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई यांचं करतेय. मी कुठून टक्के काढू? दर महिन्याला घरखर्चाला मिळतात त्यातून वाचवलेले माझे असतात का? मला तर ते ठेवताना चोरी केल्यासारखं वाटतं.

मिथिला_:
रानजाई, चोरी कसली? तू करतेस ते काम बाहेरून माणसं लावून करून घ्यायचं म्हटलं तर किती जणांना पैसे द्यावे लागतील ते एकदा कागदावर मांड. भांडायला नव्हे, स्वतःला कळायला.

अंकगणित:
रानजाई, माझ्याकडे सल्ल्याला जोडपी येतात तेव्हा मी नेहमी एक गोष्ट सुचवते. ज्या काळात दोघांपैकी एकजण घरासाठी कमाई थांबवतो, त्या काळात घरातून होणारी दीर्घकालीन बचत दोघांच्या नावावर विभागली गेली पाहिजे. नवऱ्याच्या निवृत्तीची तरतूद चालू राहते, बढत्या मिळत राहतात, आणि घरी थांबलेलीची तरतूद मात्र त्या दिवशी गोठते. हा खड्डा नंतर भरून काढणं फार कठीण असतं. म्हणून ती भेट नाही आणि उपकारही नाहीत. एकीने काम थांबवलं म्हणूनच दुसऱ्याला ते चालू ठेवता आलं, त्यातला तो वाटा आहे.

दुसरं म्हणजे विमा. बहुतेक घरांत आयुर्विमा फक्त कमावत्याचा असतो. तुला काही झालं तर त्या घराला तीन माणसं कामाला ठेवावी लागतील. तुझाही विमा हवा, आणि आरोग्यविम्यात तुझं नाव आहे ना ते स्वतः बघ. आणि वाचवलेले पैसे डब्यात ठेवू नकोस, स्वतःच्या खात्यात ठेव, उघडपणे, नवऱ्याला सांगून. लपवलेले पैसे आपलेच वाटत नाहीत आणि वाढतही नाहीत.

इतिहासवेडा:
'माझं खातं' ही गोष्ट किती नवी आहे ते सांगायचा मोह होतोय, विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या कमाईवर तिचा स्वतःचा हक्क मान्य झाला १८७० च्या कायद्याने, आणि मालमत्ता स्वतंत्रपणे बाळगायचा हक्क १८८२ च्या. त्याआधी लग्न झालं की तिची कमाई कायद्याने नवऱ्याची. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या संमतीशिवाय बँक खातं उघडायची मुभा विवाहितेला मिळाली १९६५ मध्ये. अमेरिकेत कर्ज देताना लिंग किंवा वैवाहिक स्थिती पाहून भेदभाव करायला बंदी आली १९७४ च्या कायद्याने. स्वित्झर्लंडमध्ये नवरा हा कुटुंबप्रमुख ही कायद्यातली तरतूद गेली तीही १९८८ मध्ये नवा विवाह कायदा लागू झाल्यावर. म्युरियल सीबर्ट यांनी न्यूयॉर्क शेअर बाजारात स्वतःची जागा, म्हणजे तिथलं सदस्यत्व, विकत घेतली डिसेंबर १९६७ मध्ये, तेव्हा तिथे १,३६५ पुरुष सदस्य होते आणि त्या एकट्या बाई.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट अहमदाबादची. इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या कष्टकरी बायकांनी १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. ४,००० जणींनी प्रत्येकी १० रुपये घातले. नोंदणीच्या कागदावर सह्या हव्या होत्या आणि प्रवर्तक बायकांना सही येत नव्हती. त्या रात्र जागून आपापलं नाव गिरवायला शिकल्या आणि मग सह्या केल्या.

निशिगंध:
इतिहासवेडा, हे विषयांतर अजिबात नाही. मी पाच सह्या न वाचता केल्या आणि त्या बायका एका सहीसाठी रात्रभर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं.

मिथिला_:
मी नोकरभरतीचं काम करते, म्हणून पगाराबद्दल बोलते. सगळे बचतीवर बोलतात, पण सुरुवातीच्या वर्षांत संपत्ती उभी करायचं सगळ्यात मोठं साधन म्हणजे मिळकत. पहिल्या नोकरीत १० टक्के कमी पगारावर 'हो' म्हटलं आणि पुढे दोघांना सारख्याच टक्क्यांनी वाढ मिळत गेली, तरी तो १० टक्क्यांचा फरक तसाच राहतो, आणि पगाराबरोबर त्याची रक्कम फुगत जाते. निवृत्तिवेतन त्याच पगारावर ठरत असेल तर तिथेही. आकडा सांगून झाल्यावर गप्प बसायला शिका. मी पाहिलंय, बायका आकडा सांगतात आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच तो खाली आणतात : 'पण थोडं कमी असलं तरी चालेल.' हे वाक्य गिळा.

आणि रानजाई म्हणते त्या खंडाबद्दल : २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते बायकांच्या श्रमबाजाराच्या याच अभ्यासासाठी. श्रीमंत देशांत आज पगारातली तफावत मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलानंतर उघडत जाते, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे आपल्याला कमी येतं म्हणून हे होत नाही. वेळी-अवेळी हजर राहणाऱ्यालाच जास्त मोल देणाऱ्या कामाच्या रचनेमुळे ते होतं. खंड घ्यायचाच असेल तर पूर्ण तुटू नका. महिन्याला थोडं का होईना काम, एखादा अभ्यासक्रम, जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं, काहीतरी चालू ठेवा.

टिपकागद:
मला एक सांगा. ऑफिसमधली मुलं दिवसभर शेअरच्या टिपा बोलतात. सकाळी घेतला, दुपारी विकला. मला त्यातलं काही कळत नाही, आणि वाटतं की हे शिकल्याशिवाय गुंतवणूक करूच नये. हे शिकावं लागतं का?

अंकगणित:
अजिबात नाही. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ३५,००० हून अधिक घरांची शेअर दलालाकडची खाती तपासली होती, १९९१ ते १९९७ या काळातली. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुषांनी बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल केली, आणि त्या जास्तीच्या खरेदी-विक्रीनेच आपला परतावा बायकांपेक्षा जास्त घटवला. शांत बसणं हेही कौशल्य आहे.

तुला लागतं ते एवढंच. आधी तीन ते सहा महिन्यांचा खर्च लगेच काढता येईल असा ठेव. महागड्या व्याजाचं कर्ज असेल, विशेषतः क्रेडिट कार्डाचं, तर ते फेड. त्यानंतर पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय कर, शेकडो कंपन्यांत विखुरलेल्या, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडासारख्या (बाजाराच्या निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे घालणाऱ्या) साधनात. दहा वर्षांच्या आत लागणार नाहीत असेच पैसे तिथे घाल, कारण मध्ये घसरण येणारच. आणि फंडाचा वार्षिक खर्च बघ. १ टक्का किरकोळ वाटतो, पण ३० वर्षं ८ टक्क्यांनी वाढलेली रक्कम दहापट होते, ७ टक्क्यांनी साडेसातपटच. जवळपास चौथा हिस्सा त्या एका टक्क्यात जातो.

खारूताई:
आणि 'खास बायकांसाठी' म्हणून येणाऱ्या योजनांपासून सावध. आमच्या ओळखीच्या नऊ जणी अशाच एका गटात अडकल्या. सगळं गोड बोलणं, 'आपण बहिणी-बहिणी', महिन्याला ठरलेला मोठा परतावा, आणि आणखी दोघींना आणलं की बक्षीस. पहिले चार महिने पैसे आलेसुद्धा. ते पुढच्या बहिणींचेच होते! खात्रीचा मोठा परतावा आणि 'आजच ठरव' ही दोन वाक्यं एकत्र आली की चप्पल घालून निघायचं.

धूमकेतू:
आलो परत. रात्री बायकोशी बोललो. ती उठली, आतून एक वही घेऊन आली. विम्याच्या तारखा, हप्ते, खात्यांचे क्रमांक, माझ्या जुन्या कार्यालयातून यायच्या राहिलेल्या रकमेचा पाठपुरावा, सगळं तारीखवार लिहिलेलं. एका विम्याची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय हे मलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुला तर सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "ठाऊक आहे, पण यातल्या एका तरी कागदावर माझं नाव आहे का ते बघ."

घरात बसायच्या खोलीतला दिवा लावून आम्ही दीड वाजेपर्यंत कागद बघत होतो. संयुक्त खातं सोडलं तर कुठेच नव्हतं. एका ठेवीवर तर वारस म्हणून अजून माझ्या आईचं नाव आहे, आणि आई जाऊन नऊ वर्षं झाली. एकच खातं असावं हे माझं मत अजून तेच आहे. पण सव्वा वर्ष तिच्या पगारावर घर चाललं हे मी इथे अभिमानाने लिहिलं, आणि त्या घरावर तिचं नाव नाही, हे मला रात्री झोपू देईना. सोमवारी वकिलांकडे जातोय, दोघं.

जुनी_वही:
धूमकेतू, वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि वकिलांना विचाराल तेव्हा हेही विचारा की तुमच्याकडच्या कायद्यात नामनिर्देशित व्यक्ती आणि कायदेशीर वारस एकच धरतात का. सगळीकडे तसं नसतं. ज्याचं नाव लिहिलंय तो पैसे फक्त ताब्यात घेतो, आणि मालकी वारसांची असते, असंही असू शकतं. मृत्युपत्र दोघांनीही करा. ते लिहिलं म्हणून कोणी लवकर जात नाही.

रानजाई:
मीही काल बोलले. सोपं नव्हतं. 'तुला काय कमी आहे' इथूनच सुरुवात झाली. मी अंकगणितताईंचं वाक्य सांगितलं, की एकीने काम थांबवलं म्हणून दुसऱ्याला चालू ठेवता आलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. आज सकाळी जाताना म्हणाला, 'तुझ्या नावाने किती ठेवायचे ते तू ठरव, मला सांग.' आकडा ठरवायला बसले तर माझा हात आपोआप लहान आकड्याकडेच जातोय. मिथिला, तू म्हणतेस ते हेच ना?

मिथिला_:
हेच. आकडा लिही आणि खोडू नकोस.

अंकगणित:
रानजाई, ठरवताना एक लक्षात घे. जगभर बायका सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त वर्षं जगतात. म्हणजे म्हातारपणाची तरतूद आपल्याला जास्त वर्षं पुरवायची असते, आणि बहुधा शेवटची काही वर्षं एकटीने. तो आकडा आजच्या गरजेवरून ठरवू नकोस, ८५ वर्षांच्या रानजाईला विचारून ठरव.

टिपकागद:
पगाराच्या १५ टक्क्यांची आपोआप गुंतवणूक सुरू केली. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या २ तारखेला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मलाही शिकव. रविवारी बसणार आहोत.

निशिगंध:
आईचा पतअहवालही मागवून बघ गं, आठवणीने.

पाऊलवाट:
उत्तरांबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगते.

नवऱ्याला धागा वाचायला दिला. त्याने काकूंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काही न बोलता मोबाइल उघडायचे आकडे एका कागदावर लिहून दिले. मग मी माझे त्याला दिले. अविश्वासाचा प्रश्न तिथेच मिटला, माझ्यापुरता तरी. दोघांच्या नावाने एक यादी केली आहे : खाती, विमे, देणी, कोणाला फोन करायचा. कागदावरच, आणि काकूंच्या पाकिटांसारखं न होता तिसऱ्या माणसालाही कळेल अशा भाषेत. पतअहवाल मागवला. घराच्या कर्जात मी सहकर्जदार आहे हे मला त्यातून कळलं! म्हणजे देण्यात माझं नाव होतं आणि मालकीत नव्हतं. निशिगंध, ही सही मी कधी केली ते मला आठवतसुद्धा नाही. घरावर नाव लावायला काय खर्च येईल, कर किती, ते विचारतोय. पगाराचा पाचवा हिस्सा आता माझ्या एकटीच्या खात्यात राहील, बाकी पूर्वीसारखा संयुक्त खात्यात.

गुंतवणुकीचा फॉर्म मात्र परत आला. कारण लिहिलं होतं, 'सही जुळत नाही'. त्यांच्याकडे होती ती माझी खूप वर्षांपूर्वीची सही, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. नंतर घाईघाईत ती कधी नुसता फराटा झाली ते कळलंच नाही. काल रात्री मुलगी झोपल्यावर तिची रेघांची वही घेतली आणि जुनी सही समोर ठेवून गिरवत बसले. चौथ्या पानावर जमली. आज फॉर्म पुन्हा दिलाय.